‘चिप गेली’ म्हणण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की लेकरांच्या मोबाइलवेडाबद्दल वाचकांची पत्रे येऊ लागतात. त्यात एक वाक्य हमखास असते : ‘आमच्या वेळचा कॅसेटचा टीव्ही गेम बरा होता, आता तो कुठे मिळतो?’ मिळायला तो कुठे गेलेला नाही. माळ्यावर, जुन्या मिक्सरच्या खोक्यात, वायर गुंडाळलेल्या अवस्थेत पडून आहे. कुणी तो दुरुस्तीला नेला तर बहुतेक ठिकाणी झाकण न उघडताच निकाल मिळतो, ‘चिप गेली, फेकून द्या.’ या यंत्रात चिप सहसा सर्वांत शेवटी जाते. त्याआधी एलिमिनेटर (यंत्राला वीज देणारा अॅडॉप्टर), कॅसेटच्या तोंडाच्या धातूच्या पट्ट्या, खेळायच्या रिमोटची वायर आणि नवा टीव्ही हे चार संशयित उभे असतात. त्यांची झडती कशी घ्यायची, आणि चालू झालेल्या यंत्रावर जुन्या खेळांशिवाय काय खेळता येते, यासाठी हे पत्र. जरा लांबले आहे, कात्री चालवायला आपण मोकळे आहात.

आधी यंत्राची ओळख. आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ नावाने विकले गेलेले बहुतेक डबे म्हणजे निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्या नकला. कॅसेटला ६० पिना असतील तर तो याच घराण्यातला. आत ८ बिटचा प्रोसेसर, कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट, चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे. पुढच्या काळातल्या स्वस्त डब्यांत सगळे सर्किट एका काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली दडवलेले असते. तो थेंब खरोखर गेला असेल तर दुरुस्ती नाही, हे मान्य. पण तिथवर पोचण्याआधी मीटर (मल्टिमीटर) लावावा.

सुरुवात एलिमिनेटरपासून. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागत, नकलांना बहुधा ९ व्होल्ट डीसी लागतात. घोळ होतो तो पिनेच्या ध्रुवाचा. मूळ यंत्रात आतली पीन ऋण आणि बाहेरची कडी धन असते, तर आज बाजारात मिळणाऱ्या राउटरच्या किंवा सीसीटीव्हीच्या अॅडॉप्टरमध्ये बहुतेक वेळा उलटे असते. नकलांत दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून डब्याच्या बुडाशी छापलेली खूण, म्हणजे मधला ठिपका आणि भोवतालचा अर्धगोल, पाहिल्याशिवाय पीन घालू नये. सरकत्या बटणाचे जुने ‘युनिव्हर्सल’ एलिमिनेटर असतील तर जास्तच जपा. त्यात ९ वर काटा ठेवला तरी भार नसताना मीटर १२-१३ व्होल्ट दाखवतो, आणि पोलॅरिटीचे, म्हणजे ध्रुव उलटवायचे, बटण हात लागला तरी सरकते. फॅमिकॉमचीच अमेरिकन आवृत्ती असलेल्या एनईएसचा मूळ अॅडॉप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो. त्याची पीन सारखीच दिसते म्हणून कुणी तो फॅमिकॉमच्या नकलेत खोचला तर तेव्हा मात्र चिप खरोखरच जाऊ शकते.

झाकण उघडल्यावर पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने कसलेला तीन पायांचा ७८०५, म्हणजे दाब ५ व्होल्टवर आणणारा रेग्युलेटर, दिसेल. छापील अक्षरे आपल्याकडे धरली की डावा पाय आत येणारा विजेचा दाब, मधला अर्थ (ग्राउंड), उजवा ५ व्होल्ट. कॅसेट बसवून, यंत्र चालू ठेवून उजव्या पायावर मोजा. ४.८ ते ५.२ च्या दरम्यान असेल तर वीजपुरवठा ठीक. ५ च्या जागी साडेचार दिसत असेल तर डाव्या पायावर मोजा. तिथे ७ व्होल्टपेक्षा कमी असेल तर एलिमिनेटर दमला आहे, ९ असूनही उजवीकडे कमी असेल तर ७८०५ बदला. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. चित्रात खालून वर सरकणारा पट्टा आणि आवाजात गुणगुण येत असेल तर शेजारचा ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर वाळलेला असतो. तो बदलताना १६ व्होल्टऐवजी २५ व्होल्टचा टाकलेला बरा. ‘९ चा मिळाला नाही म्हणून १२ चा लावला’ ही सवयही महागात पडते. यंत्र ४०० मिलिअँपिअर ओढत असेल तर ९ व्होल्टवर ७८०५ मध्ये १.६ वॅट उष्णता होते, १२ वर २.८ वॅट. मे महिन्यात लातूर-परभणीकडे खोलीतच ४० अंश असतात, त्यात तो इवलासा पत्रा ही उष्णता कुठे टाकणार? अर्ध्या तासाने चित्र थिजते, थोडा वेळ बंद ठेवले की पुन्हा चालते. ही चिप गेल्याची खूण नव्हे, ७८०५ तापून स्वतःला बंद करतोय त्याची आहे.

आता कॅसेट. फुंकर मारायची सवय आपल्या दोन पिढ्यांच्या अंगात मुरली आहे. ती सोडा. फुंकरीतला ओलावा पट्ट्यांवर बसतो आणि त्या हिरव्या-काळ्या पडतात. फुंकल्यावर चालते ते फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा घातल्याने पट्ट्या घासल्या जातात म्हणून. नीट पद्धत अशी : औषधांच्या किंवा मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळणारे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कानातल्या कापसाच्या काडीवर घ्या, पट्ट्या उभ्या दिशेने पुसा, काडी काळी होणे थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. डाग हटत नसेल तर पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि चुरा पुन्हा अल्कोहोलने काढा. पॉलिश पेपर मात्र लावू नका, वरचा मुलामा निघाला की उघडे तांबे महिन्याभरात काळे होते. यंत्राच्या खाचेसाठी जुन्या एटीएम कार्डावर पातळ सुती कापडाचा एक पदर गुंडाळा, अल्कोहोलचे चार थेंब टाका, सरळ आत घाला आणि सरळ बाहेर काढा, असे आठ-दहा वेळा. पंधरा मिनिटे वाळू द्या. गंज काढायचा तेलाचा फवारा इथे नको, त्यावर आपल्याकडची धूळ चिकटून लापशी होते.

पडद्याकडे पाहूनही दोष ओळखता येतो. साठ पट्ट्यांपैकी साधारण निम्म्या प्रोग्रामसाठी आणि निम्म्या चित्रांसाठी असतात. पडदा नुसता एका रंगाचा आणि आवाज नाही, याचा अर्थ प्रोसेसरला प्रोग्राम वाचता येत नाही. संगीत वाजते, बटणे चालतात, पण मारिओच्या जागी विटांचे तुकडे धावतात, याचा अर्थ चित्रांच्या बाजूची एखादी पट्टी टेकत नाही. दोन्ही वेळा उत्तर कापूस आणि अल्कोहोल हेच.

काही गोष्टी मुळात दोष नसतातच. एका आडव्या रेषेत आठच हलती चित्रे दाखवण्याची या यंत्राची ताकद. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या खेळात गोळ्या आणि माणसे एका ओळीत आली की लुकलुकतात ती त्यामुळे. खेळ मोबाइलवरच्या नकलेपेक्षा सावकाश वाटतो तेही खरे आहे. आपली यंत्रे ५० हर्ट्झची, खेळ बहुतेक ६० हर्ट्झसाठी लिहिलेले, म्हणून मूळ ६ सेकंदांचे काम इथे ७.२ सेकंदांत होते. आवाजाचाही एक गमतीचा भाग आहे. बऱ्याच नकली चिपांमध्ये सुरांच्या दोन छटा आपसांत बदललेल्या आहेत, त्यामुळे मूळ यंत्रावर तेच संगीत ऐकले की आपल्याच कानांना ते चुकीचे वाटते.

रिमोटच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून तर्काने चला. एकच बटण मरत असेल तर त्याखालच्या रबरी टोपीचा कार्बन झिजला आहे. अल्कोहोलने पुसा, नाही जमले तर दुसऱ्या रद्दी रिमोटमधली टोपी टाका. सगळीच बटणे मरत असतील किंवा वायर वाकवली की जागी होत असतील तर बटणांना हात लावू नका. केबलमध्ये पाचच तारा कामाच्या असतात : ५ व्होल्ट, अर्थ, लॅच, क्लॉक आणि डेटा. ती तुटते ती नेहमी डब्याच्या तोंडाशी, जिथे लेकरं ओढतात. मीटर बीपवर ठेवून एकेक तार तपासा, तुटलेल्या जागेच्या मागे चार बोटे कापा आणि पुन्हा सोल्डर करा. रंगांवर विश्वास ठेवू नका, दोन रिमोटांत लाल तारेचे काम वेगवेगळे निघते. कापण्याआधी फोटो काढून ठेवा.

नव्या टीव्हीवरची तक्रार वेगळी. टीव्हीला पिवळे-पांढरे सॉकेट नसते, एकच ३.५ मिलिमीटरचे भोक असते. त्यासाठी मिळणाऱ्या केबलींत आतली जोडणी एकसारखी नसते. पिवळ्यात चित्र आले नाही तर यंत्राची पिवळी पीन आधी लाल आणि मग पांढऱ्या टोकात लावून पाहा, नुकसान काही नाही. तिन्हीत आले नाही तर केबलची अर्थच दुसऱ्या कडीवर आहे, केबल बदला. टीव्हीला एचडीएमआयच असेल तर एव्हीकडून (पिवळ्या-पांढऱ्या पिनांकडून) एचडीएमआयकडे जाणारा कन्व्हर्टर घ्या. उलट दिशेचाही हुबेहूब तसाच दिसतो आणि दुकानदार तोच हातात ठेवतो. त्याला ५ व्होल्टचा वेगळा यूएसबी पुरवठा लागतो. चित्र काळे-पांढरे आले तर रंगपद्धती पाल (PAL) किंवा ऑटो करा. उडी उशिरा लागते असे वाटले तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. कन्व्हर्टरने येणारा थोडा उशीर उरतोच.

यंत्रासोबतची बदके मारायची बंदूक मात्र सपाट टीव्हीवर चालणारच नाही, कितीही पैसे खर्च करा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला डोळा तो चौकोन त्याच क्षणात शोधतो. सपाट टीव्ही चित्र काही क्षण उशिरा दाखवतो, तोवर यंत्राने ‘नेम चुकला’ ठरवलेले असते. (आधीचा काळा पडदा बल्बवर नेम धरणाऱ्या हुशार मंडळींसाठी आहे.) बदके मारायची असतील तर जुना काचेचा टीव्हीच हवा. त्याचे मागचे झाकण मात्र हौशीने उघडू नका, बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबवर विजेचा जीवघेणा दाब साठलेला असतो.

इतके करून यंत्र जागे झाले, आता खेळायचे काय? ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये खरे खेळ मोजकेच, बाकी तेच खेळ दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे. तरी त्या मोजक्यांत सोने आहे. नाम्कोचा १९८५ चा बॅटल सिटी, म्हणजे आपला टँकवाला, आजही दोघांनी शेजारी बसून खेळायला सर्वांत चांगला. त्यातल्या ‘कन्स्ट्रक्शन’मध्ये लेकरांना स्वतःचा नकाशा बांधता येतो. तो फक्त त्या २ किलोबाइट मेमरीत राहतो, लाइट गेली की नकाशा गेला. आमचा सल्ला, चौकटीच्या वहीत उतरवून ठेवा. त्याच्या जोडीला रोड फायटर, सर्कस चार्ली आणि लोड रनर. लोड रनर लहानांना कंटाळवाणा वाटेल, पण डोके लावायला यांत त्याच्यासारखा दुसरा नाही.

आपल्याकडे फारसे माहीत नसलेली गोष्ट अशी की या यंत्रासाठी आजही नवे खेळ लिहिले जातात. हौशी मंडळी घरी बसून लिहितात, त्याला होमब्रू म्हणतात. २०१० चा बॅटल किड हा दर पडद्याला जीव घेणारा. २०१९ चा मायक्रो मेजेस चौघांनी खेळायचा, आणि सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये, म्हणजे पहिल्या सुपर मारिओ ब्रदर्सइतक्याच जागेत बसवलेला. आपल्या दोन रिमोटांवर तो दोघांना खेळता येतो. लहानांसाठी लॉन मोवर घ्या : गवत कापायचे आणि पेट्रोल संपू द्यायचे नाही. जोड्या जुळवण्याचा कॉन्सन्ट्रेशन रूम आजी-आजोबांनाही जमेल. शेवटचे दोन खेळ त्यांच्या लेखकांनीच मोफत वाटले आहेत. मायक्रो मेजेस विकत घ्यावा लागतो, आणि तो घ्यावा. जुन्या कंपन्यांच्या खेळांचे हक्क अजून संपलेले नाहीत, ‘सगळे नेटवर फुकट आहे’ ही समजूत चुकीची.

हे खेळ जुन्या यंत्रावर चढवायचे कसे, यावर दुकानदार हात वर करतात. सोपा मार्ग म्हणजे मेमरी कार्ड बसणारी कॅसेट. एव्हरड्राइव्ह एन८ ही ६० पिनांतही मिळते, पण महाग आहे आणि काळ्या थेंबाच्या स्वस्त डब्यांवर चालेलच असे नाही. आयटीआय आणि तंत्रनिकेतनच्या मुलांनी दुसरा मार्ग धरावा, स्वतःची कॅसेट बनवावी. त्यासाठी मॅपर शून्य प्रकारचा, म्हणजे सर्वांत साध्या बोर्डाचा खेळ निवडा. खेळाच्या फाइलचे पहिले १६ बाइट म्हणजे नुसता मथळा (हेडर). शून्यापासून मोजल्यास त्यातला ४ क्रमांकाचा बाइट सांगतो की प्रोग्रामचे १६ किलोबाइटचे किती तुकडे आहेत, ५ क्रमांकाचा सांगतो चित्रांचे ८ किलोबाइटचे किती. मोठ्यात मोठी फाइल ४०,९७६ बाइट भरते. मथळा काढून टाका, पुढचे ३२,७६८ बाइट २७सी२५६ ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या मेमरी चिपमध्ये) आणि शेवटचे ८,१९२ बाइट २७सी६४ मध्ये भरा. १५० नॅनोसेकंदाच्या किंवा त्याहून जलद चिपा घ्या. प्रोग्राम १६ किलोबाइटचाच असेल तर तो २७सी२५६ मध्ये लागोपाठ दोनदा भरा. प्रोसेसर सुरुवातीचा पत्ता मेमरीच्या अगदी वरच्या टोकाला शोधतो, तिथे रिकामी जागा मिळाली तर पडदा कोराच राहतो.

बोर्डावर चुका ठरलेल्या जागी होतात. पीसीबी (सर्किटचा बोर्ड) १.२ मिलिमीटर जाडीचा मागवा. न सांगता १.६ चा येतो आणि तो यंत्राच्या खाचेतल्या पट्ट्या कायमच्या फाकवतो. ४५ आणि ४६ या पिना कॅसेटमध्ये एकमेकींना जोडाव्या लागतात, कारण या यंत्रात आवाज कॅसेटमधून फिरून येतो. विसरलात तर खेळ दिसेल पण मुका. ४८ आणि ४९ जोडायला विसरलात तर मागचे दृश्य कचरा दिसेल. १८ क्रमांकाची पीन मथळ्यातल्या ६ क्रमांकाच्या बाइटप्रमाणे जोडायची. त्याचा शेवटचा बिट १ असेल तर ती चित्रांच्या ए१० या पत्त्याच्या तारेला जाते, ० असेल तर ए११ ला. इथे गल्लत झाली की पहिला पडदा बरोबर येतो आणि पडदा सरकू लागला की अर्धे दृश्य भलतेच. ईप्रॉमची १ क्रमांकाची पीन ५ व्होल्टला बांधा, २७सी६४ ची २७ क्रमांकाचीही. प्रत्येक चिपेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर हवा. भरून झाल्यावर ईप्रॉमच्या काचेवर जाड स्टिकर लावा.

आणि खेळ स्वतः लिहायचा असेल तर सीसी६५ हा सी भाषेचा मोफत कंपायलर आहे. ज्यांनी प्रयोगशाळेत ८०८५ प्रोसेसरची किट बडवली आहे त्यांना ६५०२ जातीचा हा प्रोसेसर आठवड्यात कळेल, याला कामाचे रजिस्टर तीनच आहेत : ए, एक्स, वाय. तपासायला मेसेन किंवा एफसीईयूएक्स हे एम्युलेटर, म्हणजे संगणकावर यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम, वापरा आणि प्रदेशाच्या यादीत ‘डेंडी’ (फॅमिकॉमची रशियात विकली गेलेली नक्कल) निवडा. आपली बहुतेक ५० हर्ट्झची नकली यंत्रे त्याच्याशी जुळतात. अमेरिकन सेटिंगवर तपासलेला खेळ लातूरच्या गंजगोलाई बाजारातून आणलेल्या डब्यावर लावला की सावकाश पळतो आणि मग मुले कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसतात.

मराठी अक्षरांची या यंत्रावर खरी परीक्षा होते. पडदा ३२ बाय ३० चौकटींचा, प्रत्येक चौकट ८ बाय ८ ठिपक्यांची, आणि मागच्या दृश्यासाठी एका वेळी २५६ चौकटी. एका चौकटीवर दुसरी ठेवता येत नाही, म्हणजे मात्रा अक्षरावर चढवणे जमत नाही. पूर्ण बाराखडी बसवण्याचा नाद सोडा, लागणारे शब्दच चित्र म्हणून काढा. ‘गुण’ हा शब्द तीन चौकटी रुंद आणि दोन उंच, म्हणजे सहा चौकटी, ९६ बाइट. वरच्या ओळीत शिरोरेषा आणि अक्षराचा मुख्य भाग घ्या, खालच्या ओळीत दांड्याचा उरलेला तुकडा आणि उकार. इंग्रजी अक्षरे काढताना उजवीकडचा एक उभा रकाना मोकळा सोडतात, ती सवय इथे नडते. शिरोरेषा आठच्या आठ ठिपके ओढा, नाहीतर प्रत्येक अक्षरापाशी ती तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. अंकांना एकेक चौकट पुरते, दहा अंकांचे १६० बाइट. फक्त १ आणि ९ आठ ठिपक्यांत जुळे भाऊ दिसतात. ९ ची शेपटी खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ओढा आणि १ ची दोन ठिपके आधीच थांबवा.

आपले,
जुन्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यांची दुरुस्ती करणारे काही वाचक,
लातूर